सावे यांचे बदली प्रकरण

नरहरी सावे यांच्या हातून उभ्या नोकरीत एकच शब्द बरोबर लिहिला गेला, आणि त्या एका शब्दानंच त्यांचा घात केला.

एरवी ते चुकीचं लिहायचे आणि सगळं सुरळीत चालायचं. पालघरच्या एका सरकारी उपविभागीय कचेरीत ते बावीस वर्षं ड्रायव्हर होते. खातं कुठलं ते सांगून काही उपयोग नाही. बांध घालायचे, फुटले की परत घालायचे, आणि मधल्या काळात ते सुस्थितीत असल्याचा अहवाल ठाण्याला पाठवायचा, असं त्या खात्याचं काम होतं. सावे यांच्या ताब्यात एक हिरवी जीप-पिकअप होती. मिलिटरीच्या लिलावातून आलेली. कुठली लढाई पाहून आली होती देव जाणे, पण पालघर तालुक्यातले रस्ते पाहिल्यावर तिला पहिली लढाई आठवेनाशी झाली असावी. पुढं दोन माणसांची जागा, मागं उघडा हौदा, आणि ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी तीन दांडे. लांब दांडा रोजच्या गियरचा. बाकीचे दोन आखूड, लाल बोंडांचे. त्यांना पालघरपासून तारापूरपर्यंतचे सगळे ड्रायव्हर ‘स्पेशल गियर’ म्हणत. चिखलात गाडी रुतली की पहिलं लाल बोंड ओढायचं, म्हणजे एरवी नुसती फिरणारी पुढची चाकंही कामाला लागत; दुसरं ओढलं की गाडी हळू पण जास्त जोरानं चाले.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत ते पहिलं लाल बोंड ढिलं पडलं. ओढलं की येई, पण आलेलं टिकत नसे. खालून दात खाल्ल्यासारखा आवाज व्हायचा आणि पुढची चाकं पुन्हा आरामात.

सावे यांनी कचेरीत अर्ज दिला : स्पेशल गियर दुरुस्त करून मिळावा. अर्ज पंधरा दिवसांनी परत आला. त्यावर हेडक्लार्क कृष्णकांत टिपणीस यांचा शेरा होता की काटकसरीच्या आदेशानुसार स्पेशल वस्तूंना मंजुरी नाही, साध्या गियरने भागवावे.

तेव्हा सावे बोईसरला रामकिसन मिस्त्रीकडे गेले. हा कानपूरकडचा माणूस तारापूरच्या कारखान्यांबरोबर इकडे आला आणि सरावलीच्या वळणावर एका निंबाखाली गॅरेज टाकून राहिला. त्याचं मराठी त्याच्या पान्यांसारखं होतं, एकही मापाचं नाही, पण काम व्हायचं. तो गाडीखाली गेला आणि तिथूनच बोलला.

“काका, तुमचा ट्रान्सफर केस गेला.”

“काय गेला?”

“ट्रान्सफर केस. गियरबॉक्सच्या पाठीला पेटी आहे ना, ती. इंजिनचा जोर पहिले गियरबॉक्समधी येतो, मग ह्या पेटीत. पेटी ठरवते, पाठीच्या चाकाला किती, पुढच्याला किती. पाठीच्याला तर नेहमी देते. पुढच्याला तुम्ही दांडा खेचला तरच.”

“म्हणजे घरातल्या मोठ्या सुनेसारखं,” सावे म्हणाले. “स्वयंपाक हिच्या हातात. मागच्या खोलीत रोज ताट, पुढच्या खोलीत पाव्हणा आला तर.”

“बरोबर. अन् आता ती सून रुसली. आतला चिमटा घिसला, दाते गेले.” रामकिसन बाहेर आला. “स्पेशल गियर काय लिहिता, काका. ते आपल्या लोकांचं नाव. सरकारला असली नाव द्या.”

सावे यांनी असली नाव दिलं. ‘माझ्या ताब्यातील वाहनाची ट्रान्सफर केस निकामी झाली आहे, तरी त्वरित कार्यवाही व्हावी.’ खाली सही, न. गो. सावे, वाहनचालक.

आता टिपणीस यांच्याविषयी थोडं सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून त्यांच्या पाठीचा आणि खुर्चीचा आकार एक झाला होता, एवढंच. त्या वर्षी वरून परिपत्रक आलं की पत्रव्यवहारात इंग्रजी शब्द आढळल्यास संबंधितांस जबाबदार धरण्यात येईल. टिपणीसांना आयुष्यात कशासाठीही जबाबदार धरलं गेलं नव्हतं आणि आता सुरुवात करायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी सावे यांचा अर्ज समोर घेतला, ‘ट्रान्सफर’ वर काट मारून ‘बदली’ लिहिलं, ‘केस’ वर काट मारून ‘प्रकरण’ लिहिलं, आणि वर विषय घातला : श्री. न. गो. सावे, वाहनचालक, यांचे बदली प्रकरण त्वरित निकाली काढणेबाबत.

ठाण्याला विषयाच्या खाली वाचायची पद्धत नव्हती.

मे महिन्यात आदेश आला. वाहनचालक श्री. सावे यांची त्यांच्या विनंतीवरून मंडणगड येथे बदली करण्यात येत आहे. विनंतीवरून असल्यामुळे प्रवासभत्ता देय नाही.

सावे आदेश घेऊन टिपणीसांच्या टेबलापाशी उभे राहिले.

“भाऊसाहेब, हे माझं नव्हतं. हे...”

टिपणीसांनी मान वर न करता हात वर केला. “लेखी द्या.”

सावे यांनी लेखी दिलं, दोन पानं, पेटीच्या आकृतीसह. ते मूळ फायलीला जोडलं गेलं. विषय तोच राहिला.

घरी ही बातमी सांगणं सोपं नव्हतं. केळव्याच्या बाजूला त्यांची वाडी होती, चार पानवेली, थोडी केळी, मागं विहीर. विजयाबाईंचे डोळे दोन वर्षांपूर्वी गेले होते. ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले यशस्वी झालं, विजयाबाई म्हणाल्या असेल, मला दिसत नाही. पण त्या घरात त्यांना डोळ्यांची गरजच पडत नव्हती. चूल कुठं, मिठाची बरणी कुठं, विहिरीपर्यंत पावलं किती, हे सगळं चौतीस वर्षं त्यांच्या हातापायांत मुरलं होतं. लोकांना कळतसुद्धा नसे. मंडणगडच्या भाड्याच्या खोलीत त्या पहिल्यांदा आंधळ्या झाल्या असत्या, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

“किती वर्षं ऱ्हायलीत नोकरीची?” त्यांनी विचारलं.

“बावीस महिने.”

“मग तुमी एकटे जाऊन या,” त्या म्हणाल्या. जणू सावे केळी विकायला सफाळ्याला निघाले होते.

त्यांना वाचवलं ते एका नियमानं. बदली झालेल्या ड्रायव्हरला गाडीचा ताबा दुसऱ्याकडे दिल्याशिवाय कार्यमुक्त करता येत नाही, आणि ताबा ‘चालू स्थितीत’ द्यावा लागतो. चालू स्थिती म्हणजे सगळं चालू. गाडीची पेटी तर मोडलेली. ती दुरुस्त करायला मंजुरी हवी, आणि मंजुरीचा अर्ज तर बदलीच्या फायलीत निकाली निघालेला. म्हणजे जोवर पेटी मोडलेली, तोवर सावे पालघरात. हे ध्यानात आल्यावर सावे यांनी पेटीकडे वेगळ्या नजरेनं पाहायला सुरुवात केली. येता-जाता वाकून बघायचे, मोडलेली आहे ना अजून.

असे तीन महिने बरे गेले.

ऑगस्टच्या उधाणाला दातिवऱ्याजवळच्या बांधाला खांड पडली. दहा हात रुंद. भरतीला खाडीचं खारं पाणी आत यायचं आणि लावणी झालेल्या भातात पाय पसरून बसायचं. आणखी दोन उधाणं खांड उघडी राहिली असती तर खाडीकाठच्या त्या खाजण जमिनीवर तीन वर्षं काही पिकलं नसतं. दगड टाकून खांड बुजवायची, तर दगड बांधावरून न्यायला एकच गाडी, सावे यांची. बांधावरचा चिखल असा की मागची दोन चाकं जागच्या जागी गरगरायची. अर्धा दिवस दगड वाहण्यात जाई आणि अर्धा गाडी ढकलण्यात.

खांड भरणाऱ्या टोळीचा मुकादम सुका नावाचा. डोंगराकडून माणसं घेऊन आलेला, कमी बोलणारा. चौथ्या दिवशी गाडीला खांदा लावता लावता तो म्हणाला, “सावेकाका, तुमची गाडी आमी रोज ढकलतो. आमची गाडी असती तर तुमी ढकलली असती का?”

“ढकलली असती.”

“मग दुरुस केली असती.”

 संध्याकाळी सावे यांनी गाडी पालघरकडे वळवायची ती सरळ बोईसरला नेली. रामकिसननं भंगारातून एका कापलेल्या जीपची पेटी मिळवली, तिचा चिमटा आणि दाते काढले, आणि रविवारी दिवसभर गाडीखाली पडून बसवले. त्याबद्दल विड्याच्या पानांची एक मोठी गड्डी घेतली.

“कचेरीत सांगू नकोस हं,” सावे म्हणाले.

“काय सांगू नको?”

“गाडी चांगली झाली ते.”

रामकिसन या देशात बराच फिरला होता. त्यानं पान लावलं आणि कारण विचारलं नाही.

पुढचे आठ दिवस दगड भराभर गेले. पुढच्या चाकांना बांधावर आल्यावर ताकद द्यायची आणि डांबरी लागायच्या आत काढून घ्यायची. गाडी दातिवऱ्याला चार चाकांवर आणि पालघरला दोन चाकांवर चालत होती. छपन्नाव्या वर्षी माणसाला असलं लपवाछपवीचं काम झेपत नाही; सावे रात्री जेवताना पेंगायचे.

तेवढ्यात ठाण्याहून विचारणा आली : श्री. सावे यांस अद्याप कार्यमुक्त का केले नाही? वाहन खरोखर चालू स्थितीत नाही काय? समक्ष पाहणी करून कळवावे. पाहणीची जबाबदारी टिपणीसांवर आली. आणि गाडी चालू स्थितीत नाही याची पाहणी करायला ते त्याच गाडीत बसून दातिवऱ्याला निघाले.

टिपणीस सोळा वर्षांत पालघर स्टेशनच्या पलीकडे गेले नव्हते. मांडीवर फाईल, फाईलवर छत्री, छत्रीवर दोन्ही हात, असे ते बसले. मागं हौद्यात दगड. बांधावर चढल्यावर दीडशे पावलांतच मागची चाकं बसली. सावे यांनी गाडी पुढं रेटली, मागं रेटली. चाकं अजून खाली गेली.

“मग, चालत नाही तर,” टिपणीस म्हणाले आणि समाधानानं पेन काढलं.

सुकाची माणसं आली. बायकाही आल्या. सगळ्यांनी खांदे लावले. गाडी जागची हलली नाही. खाली खाडीत पाणी उलटलं होतं. भरती सुरू झाली होती. खांड फक्त तीन हात उरली होती, आणि ती बुजवायचे दगड या हौद्यात होते. आजचं उधाण वर्षातलं मोठं.

नवसी म्हणून सुकाच्या टोळीतली एक बाई होती, तोंडानं मोकळी. ती ड्रायव्हरच्या बाजूला आली.

“सावेकाका, ते लाल बोंड वढा ना. काल वढलात तसं.”

सुकानं तिच्याकडे पाहिलं. “तुला काय कळतं गाडीतलं? गप ऱ्हा.”

“मला नाय कळत. काल वढलं नि गाडी बकरीसारखी वर आली, तेवढं दिसलं.”

टिपणीसांचं पेन थांबलं.

सावे यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. समोर खांड दिसत होती. तिच्या अलीकडं भात होतं, हातभर वाढलेलं, पलीकडून पाणी चढत होतं. त्यांना विहिरीकडे जाणाऱ्या विजयाबाई दिसल्या, एक हात थोडा पुढं धरून, पावलं न मोजता. त्यांना वाटलं, या गाडीत बसल्यापासून बावीस वर्षं आपण हेच करतोय. कुणाला किती द्यायचं ते ठरवणारा कुणी वेगळाच, आणि दांडा ओढायचा तेवढा आपण.

पाणी मागच्या टायरला लागलं.

त्यांनी क्लच दाबला, लाल बोंड ओढलं, दुसरं मागं घेतलं आणि हळूच पाय सोडला. पेटी एकदा कण्हली. पुढच्या चाकांनी चिखलात दात रोवले, गाडी थरथरली, आणि एकेक वीत करत वर आली.  सगळे गाडीमागून खांडीकडे धावले आणि दगड उतरवायला लागले.

खांड बुजेपर्यंत टिपणीस एका दगडावर बसून होते. भरती बांधाला टेकली, तिनं इकडंतिकडं हुंगून पाहिलं आणि बाहेरच राहिली.

 परतीच्या वाटेवर डांबरी रस्ता लागला तसे सावे लाल बोंड ढकलायला गेले. ते हलेना. त्यांनी गाडी थांबवली आणि उलटा गियर टाकला.

“काय झालं?” टिपणीस म्हणाले.

“अडकलंय. चारी चाकं बांधलेली असली आणि रस्ता टणक लागला की आतले दाते एकमेकांवर ताठतात. मग कितीही ढकला, सुटत नाही. गाडी दोन हात मागं घ्यावी लागते.”

त्यांनी गाडी दोन हात मागं घेतली. बोंड आपोआप सुटलं.

“एवढंच?”

“एवढंच. पण मागं घ्यायला लागतं.”

टिपणीसांनी सुटलेल्या बोंडाकडे पाहिलं. “सावे, ते... हे कशाचं?”

“ट्रान्सफर केसचं.”

“म्हणजे ते प्रकरण नव्हे?”

“पेटी आहे, भाऊसाहेब. लोखंडी. तुमच्या पायाखाली.”

टिपणीसांनी पाय जरा वर घेतले. केळव्याजवळच्या माहीमचं वळण येईस्तोवर ते खाली ठेवले नाहीत. मग म्हणाले, “आदेश मागं घेता येत नाही, सावे. वरचा आहे. आणि चूक झाली असं लिहिलं, तर कुणाची, हे विचारतील.”

“नका लिहू.”

“दोन वर्षांनी मीही सुटणार.”

“मी बावीस महिन्यांनी. एकोणीस आता.”

आणखी तीन मैल गेले.

“चूक असं लिहायचं नसतं,” टिपणीस स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “शुद्धिपत्रक काढायचं असतं. ‘अमुक ऐवजी तमुक असे वाचावे.’ त्यात चूक कुठंच येत नाही. वाचणाऱ्याला फक्त वेगळं वाचायला सांगायचं.” त्यांनी पेन काढलं. “ह्या पेटीला मराठीत काय म्हणतात?”

“काहीच म्हणत नाहीत.”

“बघू या,” टिपणीस म्हणाले. पालघर येईपर्यंत त्यांना ‘अंतरण पेटी’ सुचलं होतं आणि चेहऱ्यावर तरतरी आली होती.

शुद्धिपत्रक गेलं. ‘श्री. न. गो. सावे यांचे बदली प्रकरण’ ऐवजी ‘श्री. न. गो. सावे यांची अंतरण पेटी’ असे वाचावे. ठाण्यानं या वेळी विषयाच्या खालीही वाचलं, पण उशीर झाला होता. मंडणगडची मागणी पुरी झाल्याची नोंद मे महिन्यातच झाली होती. आता तिथं काहीतरी पोचणं भाग होतं. सुधारित आदेश आला : श्री. सावे यांची बदली रद्द समजण्यात यावी व त्यांची अंतरण पेटी मंडणगड येथे पाठवण्यात यावी.

सावे यांनी आदेश दोनदा वाचला. पेटी काढली की गाडी दोन चाकांवरही चालत नाही. मागच्या चाकांचा जोरही तिच्यातूनच जातो. हे त्यांनी टिपणीसांना सांगितलं नाही. टिपणीसांनी विचारलंही नाही. आदेश हाती पडल्याची सही मात्र सावे यांनी तीन आठवडे उशिरा केली, कधी डोकं दुखतंय म्हणून, कधी चष्मा घरी राहिला म्हणून. तेवढ्यात बांधाची मागची बाजू दगडानं बांधून झाली, आणि सुकाची माणसं डोंगराकडे परतली.

मग रामकिसननं पेटी उतरवली. सावे यांनी ती रॉकेलनं धुतली, तेल लावलं, लाकडी खोक्यात भाताच्या पेंढ्यात बसवली आणि वर पत्ता घातला. पिकअप कचेरीच्या मागं चार विटांवर उभी राहिली. सावे यांना टिपणीसांच्या समोर एक स्टूल मिळालं. ड्रायव्हरचं काम नव्हतं, ड्रायव्हर मात्र होता. दोघं एकमेकांकडे पाहत बसायचे, आणि तीनला चहा यायचा.

ऑक्टोबरात मंडणगडहून पत्र आलं. ‘सदर अंतरण पेटी दिनांक ९ रोजी मध्यान्हपूर्व रुजू झाली.’ टिपणीसांनी ते फायलीला लावलं आणि प्रकरण बंद केलं.

त्या संध्याकाळी सावे एसटीनं घरी गेले. विजयाबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या, टरफलं एका बाजूला, दाणे दुसऱ्या बाजूला, एकही इकडचा तिकडं नाही. सावे शेजारी टेकले. पाय दुखत होते. दिवसभर काही न केल्यानं.

“झालं निकाली,” ते म्हणाले.

“मग कोण गेलं मंडणगडला?”

“पेटी गेली.”

विजयाबाईंनी दोन शेंगा सोलल्या. “तिचं तिथं कोण हाय?”

“कुणी नाही. तिथं तशी गाडीच नाही.”

“आणि परत कधी येईल?”

“बदली तीन वर्षांची असते. त्याआधी अर्ज करता येत नाही.”

“बिचारी,” विजयाबाई म्हणाल्या, आणि हात पुढं न करता उठून चहा ठेवायला आत गेल्या.